सत्ता गेल्यावर उरणारा पक्ष

१९६७ च्या प्रारंभी गोमंतकात जे घडले त्याला आपल्या देशाच्या राजकीय इतिहासात जोड सापडणे कठीण आहे. महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून स्वतंत्र राहावयाचे, या एकाच प्रश्नावर १६ जानेवारीस तेथे जनमत कौल घेण्यात आला. कौलाच्या निःपक्षपातीपणाविषयी कोणास शंका राहू नये म्हणून विलीनीकरणाचे पुरस्कर्ते मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी अगोदरच राजीनामा दिला होता. आणि मोजणी पुरी झाली तेव्हा विलीनीकरणाच्या ‘फुला’ला १,३८,१७० व स्वतंत्र अस्तित्वाच्या ‘दोन पानां’ना १,७२,१९१ मते पडून, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगोच्या) नावातच जी मागणी कोरलेली होती तिचा ३४,०२१ मतांनी पराभव झाला. राजकारणाच्या सर्वसाधारण हिशेबाने त्या दिवशी हा पक्ष संपावयास हवा होता. परंतु दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी त्याच पक्षाला तीसपैकी १६ जागा देऊन बांदोडकरांच्या हाती पुन्हा कारभार सोपविला.

आता याच्या उलट असलेला दुसरा प्रसंग पाहा. एप्रिल १९७९ मध्ये बांदोडकरांच्या कन्या शशिकला काकोडकर यांचे सरकार स्वपक्षातलेच काही आमदार फुटल्यामुळे कोसळले. या खेपेस मतदारांपुढे कोणी तत्त्वाचा प्रश्न ठेवला नव्हता. पक्षाची कोणतीही मागणी कोणी फेटाळली नव्हती. गेली होती ती केवळ सत्ता. तरीही जानेवारी १९८० च्या निवडणुकीत तीसपैकी अवघ्या ७ जागा पदरी पडल्या, त्यानंतर थोड्याच अवधीत खुद्द शशिकलाताई काही आमदारांना घेऊन इंदिरा काँग्रेसमध्ये गेल्या, आणि तेव्हापासून आजतागायत हा पक्ष स्वतःच्या बळावर सत्तेवर आलेला नाही. ध्येय हरले तेव्हा जो पक्ष तगला तो सत्ता हरली तेव्हा विस्कटला. ही विसंगती केवळ गोव्याच्या स्थानिक इतिहासातले एक कुतूहल आहे असे मला वाटत नाही. पक्ष म्हणजे नेमके काय, आणि सत्ता वजा केल्यावर त्यातले काय शिल्लक राहते, हा प्रश्न इतक्या स्वच्छ रूपात क्वचितच समोर येतो.

रूढ स्पष्टीकरणे तीन आहेत: घराणेशाही, फाटाफूट आणि इंदिरा गांधींची लाट. तिन्ही खरी आहेत आणि तिन्ही अपुरी आहेत. घराणे १९७३ पासून होतेच, म्हणजे १२ ऑगस्टला बांदोडकरांचे निधन होऊन कन्या त्यांच्या जागी आली तेव्हापासून; तरीही १९७७ ची निवडणूक पक्षाने जिंकली. फाटाफूट बांदोडकरांच्या हयातीत, १९७० सालीही झाली होती, आणि ती विरोधी बाकांवरील काही आमदारांच्या आधाराने त्यांनी निभावून नेली होती. लाटेविषयी बोलावयाचे तर १९८० मध्ये गोव्यात ज्या काँग्रेसने वीस जागा जिंकल्या ती इंदिरा गांधींची नव्हतीच. ती देवराज अर्स यांच्या नावाने ओळखली जाणारी त्यांची विरोधक काँग्रेस होती, आणि निवडून आलेल्या आमदारांनी निकालानंतर, दिल्लीतील वारे पाहून, इंदिरा काँग्रेसचा आश्रय केला. मतदाराने ज्यांना एका घरी पाठविले ते दुसऱ्या घरी जाऊन राहिले, हा प्रकार गोव्याच्या राजकारणात पुढे शिरस्ताच बनला. पण तो विषय निराळा. मुद्दा एवढाच की मगोचे काय झाले हे बाहेरच्या लाटेवरून कळत नाही. त्यासाठी आत, आणि थोडे मागे, जावे लागते.

१९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले तेव्हा गोव्याच्या खेड्यात सत्ता कोणाची होती? गव्हर्नर जनरलचे फर्मान पणजीत सुटत असे, परंतु पेडणे, डिचोली, सत्तरी किंवा फोंडा येथील साध्या माणसाच्या लेखी राज्यकर्ता म्हणजे भाटकार. ज्याच्या भाटात माड उभे, ज्याच्या शेतात कूळ राबते, ज्याच्या जमिनीवर मुंडकाराने आपले घर बांधलेले, त्याने उद्या ऊठ म्हटले तर उठावे लागेल, अशी ही व्यवस्था होती. आणि तिच्यात धर्माचा भेद फारसा नव्हता, कारण भाटकार सारस्वत हिंदूही असे आणि कॅथलिकही. या माणसाला मुक्तीचा अर्थ समजावून सांगण्याची जबाबदारी ज्यांनी घ्यावयाची त्या काँग्रेसला असे वाटले की लष्कराने गोवा मुक्त केला म्हणजे कृतज्ञ गोवा आपोआप आपल्याला मत देईल. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली तेव्हा गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. जी एक मिळाली ती दमणची. मगोला चौदा मिळाल्या, विरोधी युनायटेड गोवन्स पक्षाला बारा, आणि प्रजासमाजवाद्यांच्या दोघांसह बांदोडकर मुख्यमंत्री झाले. हे बांदोडकर स्वतः खाणमालक होते. श्रीमंत माणूस गरिबांचा पुढारी कसा झाला याचे काहींना त्या काळी नवल वाटे. पण ज्याच्या समाजाला देवळाच्या पायरीवर आपली जागा कोणती ते पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले होते, त्याला पैसा मिळाल्यावर त्या पायरीचा विसर पडेलच असे नाही.

विलीनीकरणाची मागणी या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. तिच्यात मराठीवरील प्रेम होते, संतवाङ्मयाचा व कीर्तन-नाटकाचा शतकांचा वारसा होता, हे कोण नाकारील? परंतु डिचोलीच्या कुळाने फुलावर शिक्का मारला तो केवळ ज्ञानेश्वरांच्या भाषेसाठी मारला असे म्हणणे म्हणजे त्याच्या बुद्धीचा अवमान करणे होय. त्याचे गणित सरळ होते. चिमुकला, स्वतंत्र गोवा म्हणजे आज ना उद्या पुन्हा भाटकारांचा गोवा. आणि ज्या महाराष्ट्रात कूळकायदा झालेला आहे, जेथे बहुजनसमाजातील माणसे मंत्रिपदावर बसलेली आहेत, तेथे सामील झाल्यास भाटकाराच्या वर एक मोठा धनी येतो. विलीनीकरण हे त्याला संरक्षण वाटत होते. म्हणूनच जानेवारीत ते हातचे गेले तरी मार्चमध्ये तो हताश झाला नाही: महाराष्ट्राकडून जे संरक्षण अपेक्षित होते ते बांदोडकरांच्या सरकारकडून मिळू शकते हे त्याला तीन वर्षांत दिसून आले होते. १९६४ च्या कूळकायद्याने बेदखलीला आणि खंडाला मर्यादा घातली होती. जेथे शाळाच नव्हती अशा वाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा उघडल्या होत्या. पक्षाच्या नावात महाराष्ट्र होता, पण पक्षाच्या कामात गावचे कूळ होते, आणि मतदाराने नावाला नाकारून कामाला पुन्हा निवडून दिले. ज्यांना हा मतदार अडाणी वाटला त्यांच्यापेक्षा तो अधिक बारकाईने विचार करीत होता.

याच न्यायाने जिंकलेल्या पक्षाचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने गोव्याचे स्वतंत्र अस्तित्व राखले, आणि राखल्यानंतर करावयास त्याच्यापाशी दुसरे काही उरले नाही. दहा वर्षांच्या आत त्याची माणसे इतर पक्षांत विखुरली. महाराष्ट्रातील वाचकाला संयुक्त महाराष्ट्र समितीची आठवण येथे झाल्यावाचून राहणार नाही. ध्येयपूर्तीने पक्ष मरतात, ध्येयभंगाने मरतीलच असे नाही, कारण ध्येयभंगानंतर जगावयाचे कशासाठी हा प्रश्न तरी उरतो.

मगोने या प्रश्नाचे उत्तर सत्तेत असेपर्यंत कृतीने दिले, शब्दाने कधीच दिले नाही. शशिकलाताईंच्या कारकिर्दीत १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा झाला आणि १९७६ मध्ये कूळकायद्यात पाचवी दुरुस्ती होऊन कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्याचे तत्त्व मान्य झाले. माझ्या मते पोर्तुगीजांच्या गमनानंतर गोव्यात घडलेली ही सर्वांत मोठी गोष्ट. जनमत कौलाहूनही मोठी, कारण कौलाने गोव्याची सीमा ठरली, या दुरुस्तीने गोव्यातील जमीन कोणाची हे ठरावयाचे होते. ठरावयाचे होते असे म्हणतो, कारण तिला लगेच न्यायालयात आव्हान मिळाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ती वैध ठरवीपर्यंत कुळाची मालकी कागदावर अधांतरी राहिली. ही चौदा वर्षे वाचकाने ध्यानात ठेवावी. त्यातली अकरा वर्षे पक्ष सत्तेबाहेर होता. ज्या पक्षाने कायदा केला, ज्या कायद्यावर त्याच्या मतदाराच्या पायाखालची जमीन अवलंबून होती, तो कायदा कोर्टात अडकलेला असताना पक्षाच्या हातात सरकार नव्हते पण माणसे होती. याहून अधिक योग्य कार्यक्रम विरोधी पक्षाला कोणी आखून दिला असता? प्रत्येक तालुक्यात कुळांची नोंद करणे, मामलेदाराच्या कचेरीत त्यांच्याबरोबर उभे राहणे, ज्याचे नाव पीकपाण्यात नाही त्याच्या वहिवाटीचा पुरावा गोळा करणे, मुंडकारांचे दावे चालविण्यासाठी वकिलांची फळी उभारणे. हे काम रटाळ होते, त्याला मिरवणूक नव्हती. परंतु ते करणारा पक्ष गोव्याच्या खेड्यातून कोणालाही उपटता आला नसता.

हे काम पक्षाने सातत्याने, संघटना म्हणून हाती घेतले नाही. का घेतले नाही, याचे उत्तर नेत्यांच्या दुर्गुणांत शोधण्याचा मोह होतो. मला ते पक्षाच्या जन्मवेळेत दिसते. मगो १९६३ मध्ये स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सत्तारूढ झाला. ज्याला विरोधी बाकांवरचे बालपण म्हणतात ते या पक्षाला लाभलेच नाही. शाखा, वर्गणी, पक्षाचे स्वतःचे वृत्तपत्र, ठराव करणारी आणि नेत्याला प्रश्न विचारणारी कार्यकारिणी, पराभवानंतरही दर आठवड्यास भरणारी बैठक, या गोष्टी सत्तेबाहेरच्या कंटाळवाण्या वर्षांत जमतात. सत्तेत असलेल्या माणसाला त्यांची गरजच भासत नाही, कारण तलाठी, शाळामास्तर आणि मंत्र्याची भेट हीच त्याची संघटना होते. लोक पणजीला येत, भाऊसाहेबांना, म्हणजे बांदोडकरांना, भेटत आणि काम करून घेऊन जात. त्यांच्या औदार्याच्या कथा गोव्यात अजून सांगितल्या जातात आणि त्या खोट्या नाहीत. परंतु जेथे पक्ष म्हणजे एका उदार माणसाचा दरवाजा, तेथे तो माणूस गेल्यावर दरवाज्याची चौकट राहते, आणि सत्ता गेल्यावर ती चौकट दुसऱ्याच्या मालकीची होते.

याच्या शेजारी द्रविड मुन्नेत्र कळघम ठेवून पाहावा. त्या पक्षाचीही एक मूळ मागणी होती, वेगळ्या द्रविडनाडूची. ती त्याने १९६३ मध्ये स्वतःहून सोडली. त्याचीही सत्ता गेली, १९७६ च्या जानेवारीत, आणि ती परत मिळण्यास १९८९ उजाडले. त्या तेरा वर्षांत समोर एम. जी. रामचंद्रन यांच्यासारखा, त्याच पक्षातून निघालेला आणि त्याहून लोकप्रिय असा प्रतिस्पर्धी होता. तरी तो पक्ष टिकला. याचे कारण म्हणून करुणानिधींचे चातुर्य सांगितले जाते, आणि ते होतेही. परंतु तो पक्ष १९४९ साली स्थापन होऊन १९६७ मध्ये सत्तेवर येईपर्यंत अठरा वर्षे विरोधात वाढला होता, त्याची वाचनालये, जिल्हासमित्या, वक्ते आणि ‘मुरसोली’सारखे पत्र सत्तेच्या आधीचे होते, म्हणून सत्तेनंतरही ते राहिले. मूळ मागणी सोडणे वा राखणे यावर पक्षाचे आयुष्य ठरत नाही, हे या दोन उदाहरणांवरून मला पुरेसे स्पष्ट वाटते. दोघांनीही मागणी गमावली. एकापाशी मागणीखेरीज काही होते, दुसऱ्यापाशी मागणीखेरीज सरकार होते.

आता १९८० नंतरच्या मगोकडे वळू. रमाकांत खलप यांच्यासारख्यांनी पक्ष काँग्रेसमध्ये विरघळू दिला नाही, हे त्यांचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. शशिकलाताईंनीही पुढे काँग्रेस सोडून वडिलांच्या नावाने वेगळा पक्ष काढून पाहिला आणि अखेर त्या स्वगृही परतल्या. सरकारी बाकांवर मात्र एक चमत्कारिक दृश्य होते. काँग्रेसचे मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे हे १९७२ साली मगोतर्फेच निवडून येऊन बांदोडकरांच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री झालेले. पुढे १९९१ च्या जानेवारीत काँग्रेसच्या साहाय्याने मुख्यमंत्री झालेले रवी नाईक हेही मगोतून फुटलेले. म्हणजे बहुजनसमाजातील माणसाने राज्य करावे ही जी मगोची प्रेरणा ती इतर पक्षांनी माणसांसकट उचलली, आणि मगोपाशी जे उरले ते इतरांना नको होते: नाव, सिंहाचे चिन्ह आणि मराठी.

मराठीविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण माझ्या प्रतिपादनावर सर्वांत बळकट आक्षेप याच बाजूने येतो. आक्षेपक म्हणेल, तुम्ही भाषेला साधन आणि जमिनीला साध्य ठरवून मोकळे झालात. पण ज्याला पोर्तुगीज अमदानीत स्वतःच्या अक्षरांची शाळा धड मिळाली नाही त्याला मराठी शाळा ही जमिनीइतकीच मालकीची वस्तू होती. आक्षेप न्याय्य आहे. त्या पिढीच्या बाबतीत तो पूर्णपणे खरा आहे. तरीही दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. पहिली अशी की मराठी आणि मगो यांचे समीकरण प्रारंभापासूनच पुरते जुळत नव्हते: जनमत कौलात विलीनीकरणाविरुद्धची झुंज ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातून लढविली गेली, आणि ज्यांनी कोकणी अस्मितेचा कैवार घेतला त्यांचे वाद मराठीतूनच वाचून लोकांनी मते ठरविली. दुसरी गोष्ट काळाची. १९८५ ते १९८७ या काळात राजभाषेचा वाद पेटला, रस्त्यावर रक्त सांडले, आणि ४ फेब्रुवारी १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा होऊन मराठीला शासकीय व्यवहारात वापरण्याची मुभा मिळाली. त्यानंतर ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. या आंदोलनाने मगोला नवसंजीवनी दिली हे खरे, १९८९ मध्ये चाळीसपैकी अठरा जागा मिळाल्या, आणि पक्षाला वाटले की आपल्याला आपली ओळख पुन्हा सापडली. मला ही त्याची घातक वेळ वाटते. हरलेल्या पक्षाला जेव्हा एखादी जुनी घोषणा अकस्मात यश देते, तेव्हा तो पुढची वीस वर्षे तीच घोषणा नव्या लोकांना ऐकवीत राहतो.

अठरा जागांचे पुढे काय केले तेही पाहा. १९९० मध्ये काँग्रेसमधून फुटलेल्या गटाबरोबर पुरोगामी लोकशाही आघाडीचे सरकार आले. त्याचे पहिले मुख्यमंत्री चर्चिल आलेमाव, म्हणजे कोकणीच्या आंदोलनातले अग्रणी. मराठीच्या बळावर आलेल्या पक्षाने सत्तेसाठी कोकणीच्या सेनानीचा हात धरला यात तत्त्वच्युती झाली असे मी म्हणणार नाही. भाषिक वैर मिटविण्याचा तो आरंभ होऊ शकला असता. त्या सरकारात शिक्षणमंत्री म्हणून शशिकलाताईंनी मराठी वा कोकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचा निर्णय घेतला, तो धाडसी होता आणि त्यात दोन्ही भाषांना एका बाजूस उभे करण्याची दृष्टी होती. पण सरकार वर्षभरही टिकले नाही, आणि त्या निर्णयाच्या मागे जी सामाजिक फळी हवी होती ती कोणी बांधली नाही. ज्या कुळाच्या मुलासाठी १९६५ मध्ये मराठी शाळा हा गुलामीतून सुटण्याचा मार्ग होता, त्याच्या नातवासाठी इंग्रजी शाळा तोच मार्ग झाली आहे, असे खेड्यातील पालक मानू लागले होते. त्यांची समजूत चुकीची असेल, पण तिला उत्तर म्हणून पक्षापाशी आठवणींपलीकडे काही नव्हते.

यानंतरचा इतिहास युतीचा आहे आणि तो मी झपाट्याने सांगतो, कारण त्यात विचार थोडा आणि बेरीज-वजाबाकी पुष्कळ आहे. १९९४ मध्ये मगोने भारतीय जनता पक्षाशी युती केली; मगोला १२ जागा मिळाल्या, आणि आजवर एकही आमदार नसलेल्या भाजपला ४, त्यांत मनोहर पर्रीकर होते. पाचच वर्षांनी, १९९९ मध्ये, आकडे उलटून भाजपला १० आणि मगोला ४ अशी स्थिती झाली. २००२ मध्ये भाजप १७, मगो २. नव्या काबिजादीतला, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा अशा तालुक्यांतला, जो हिंदू बहुजन मतदार मगोने वीस वर्षे राखला होता त्याला धाकट्या भागीदाराच्या घराची ओळख मगोनेच करून दिली. पुढे २०१९ च्या मार्चमध्ये पर्रीकरांच्या निधनानंतर दहा दिवसांत मगोच्या तीन आमदारांपैकी दोघांनी विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये विलीन केला. पक्षांतरबंदी कायद्याच्या हिशेबाने तीनांतील दोन म्हणजे दोन-तृतीयांश भरतात, आणि मतदाराला विचारण्याची तरतूद त्यात नाही.

युती करणे हा दोष नव्हे. लहान पक्षाने दुसरे करावे तरी काय, असा प्रश्न विचारला जातो तो रास्त आहे. पण लहान पक्षाची ओळख तो कोणाबरोबर बसतो यावरून होत नसून कोणत्या गोष्टीसाठी उठून जातो यावरून होते, आणि या कसोटीला लावण्याजोगे दोन प्रसंग आपल्यापुढे आहेत. २०१२ ते २०१६ या काळात मगो भाजपच्या सरकारात मंत्रिपदे घेऊन भागीदार होता. त्याच सरकारने २०१४ मध्ये कूळकायद्यात दुरुस्ती करून कुळांचे दावे मामलेदारांकडून काढून दिवाणी न्यायालयांकडे सोपविले आणि नवे दावे करण्यास मुदत घातली. ज्याने कधी दिवाणी कोर्टाची पायरी चढली आहे त्याला यातील मख्खी सांगावयास नको. मामलेदारापुढे कूळ स्वतः उभे राहू शकत होते. कोर्टात त्याला वकील लागतो, स्टॅम्प लागतो, आणि भाटकाराच्या वारसाला परवडतील इतक्या तारखा लागतात. ग्रामीण गोव्यात यावर असंतोष उसळला. बांदोडकरांच्या पक्षाने त्या मुद्द्यावर सरकार सोडले नाही. दुसरा प्रसंग २०१७ च्या आरंभीचा: इंग्रजी शाळांच्या अनुदानाच्या वादात भाजपशी बिनसले, तेव्हा मात्र मगोने युती तोडली, गोवा सुरक्षा मंच आणि शिवसेना यांच्याबरोबर निवडणूक लढविली, आणि निकालानंतर, पर्रीकर मुख्यमंत्री होणार असतील तर पाठिंबा देऊ, असे म्हणून तो तीन आमदारांसह परत त्याच सरकारात गेला. भाषेसाठी उठणे, जमिनीसाठी बसून राहणे, आणि व्यक्तीसाठी परतणे, हा क्रम आता या पक्षाचा अलिखित जाहीरनामा आहे.

तीन आमदारांच्या बळावर काय मागता आले असते, असे कोणी म्हणेल. त्या विधानसभेत भाजपचे तेरा होते आणि बहुमताला एकवीस हवे होते. गोव्याच्या चाळीसांच्या सभागृहात तीन माणसांनी सरकारे उभी केली आहेत आणि पाडलीही आहेत. त्यांच्या पाठिंब्याची किंमत सार्वजनिक बांधकाम खाते इतकी मोठी ठरू शकते, तर मुंडकारांच्या प्रलंबित दाव्यांचा निकाल मुदतीत लावण्याची अट तिच्यात का बसू नये? आणि जमिनीचा प्रश्न जुना झाला म्हणावे तर तेही खरे नाही. २००६ च्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गावोगावची माणसे उठली आणि तो आराखडा २००७ च्या प्रारंभी सरकारला मागे घ्यावा लागला, तेव्हा शेतजमिनीचे रूपांतर, दिल्ली-मुंबईच्या पैशाने विकली जाणारी भाटे आणि डोंगर हाच विषय होता. फरक एवढाच की जुन्या भाटकाराच्या जागी बांधकाम व्यावसायिक आला होता, आणि ज्या कुळाला १९७६ च्या दुरुस्तीने मालक केले तोच आता विक्रेता होण्याच्या बेतात होता. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणणाऱ्या पक्षाने आता कसणाराच कसेनासा झाला तेव्हा काय म्हणावे, हा खरोखरीच अवघड आणि नवा प्रश्न आहे, आणि एखादा विचारी पक्ष त्यावर दहा वर्षे खर्च करू शकला असता. आंदोलनाचे नेतृत्व मात्र नागरिकांच्या संघटनांकडे गेले.

मतदार संपला आहे, असा जो निष्कर्ष पणजीत वारंवार काढला जातो, तो मला घाईचा वाटतो. २०२२ च्या निवडणुकीत मगोला पुन्हा दोन जागा मिळाल्या आणि निकालानंतर तो पुन्हा भाजपच्या सरकारात सामील झाला. परंतु फोंड्यात त्याचा उमेदवार केवळ ७७ मतांनी पडला, आणि ज्यांनी त्याला पाडले ते भाजपचे उमेदवार रवी नाईक होते. एका मतदारसंघात मगोतून निघालेला माणूस आणि मगोतच राहिलेला माणूस यांच्यात मते जवळजवळ समसमान वाटली जातात, याचा अर्थ त्या मतांचा आधार अजून जागेवर आहे, आणि तिथल्या मामलेदार कचेरीत अजून मुंडकारांची प्रकरणे चालू आहेत.